खांदे सोडा, माय

रक्तदाब मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायचं असतं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीला लागलेले, पायावर पाय नाही, हात छातीच्या उंचीवर टेबलाला टेकवलेला. त्याआधीचा अर्धा तास चहा नको, खर्रा नको. आणि बोलायचं नाही. पेशंट बोलत राहिला तर वरचा आकडा सहज दहाने चढतो आणि नसलेला आजार कागदावर लागतो. हे सगळं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. बाहेरच्या बाकावर माणसं दाटीने बसलेली असताना, कुणाची राजुऱ्याची बस निघायच्या बेतात असताना ही पाच मिनिटं काढायची कुठून, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.

मी ती सोडत नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात, विरूरच्या बाजूला एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्याकडच्या बायका खुर्चीत बसतात त्या काठावर, निम्मं अंग उठायच्या तयारीत. पाय खाली पोचत नाहीत म्हणून मी खुर्चीपुढे लाकडी पाट ठेवला आहे. मांडीवर पिशवी घट्ट धरलेली असते आणि खांदे कानांकडे चढलेले. मी सांगते, ‘पिशवी खाली ठेवा. टेका. खांदे सोडा, माय.’ पहिल्यांदा ते कळत नाही. खांदे तर जागेवरच आहेत असं त्यांना वाटतं. मग मी दोन्ही तळवे त्यांच्या खांद्यांवर नुसते ठेवते, दाबत नाही, आणि म्हणते, श्वास सोडा. दोन-तीन श्वासांत खांदे माझ्या हाताखाली उतरतात. एक जण स्वतःच चकित होऊन म्हणाली होती, ‘हे वर गेले होते कवा?’

माझ्या कामातला योग इथून सुरू होतो. चटईवरचा भाग नंतर येतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो येतही नाही.

आमचं पदच नवं आहे. गावच्या उपकेंद्राला आरोग्यवर्धिनी करायची योजना २०१८ साली आली. देशातलं पहिलं असं केंद्र त्या वर्षीच्या १४ एप्रिलला छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात जांगला इथे सुरू झालं. बिजापूर म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या शेजारचा जिल्हा, तसंच जंगल आणि तशीच माणसं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणं, आशाताईंनी घरोघरी भरून आणलेले फॉर्म बघणं, गोळ्या चालू ठेवणं, ही आमची मुख्य कामं. गावात योगाची सत्रं घेणं हेही त्यातच लिहिलेलं आहे. ते वाचून मला आनंद झाला होता. नागपूरला नर्सिंग शिकताना मी रामनगरच्या योगाभ्यासी मंडळात जात असे. जनार्दनस्वामींनी १९५१ साली हे मंडळ सुरू केलं. योग शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा दंडक. स्वामी स्वतः लोकांच्या घरी जाऊन शिकवत. तिथे शिकलेलं घेऊन मी राजुऱ्याकडे आले, आणि इथल्या बायकांनी पहिल्याच बैठकीत मला तपासून घेतलं.

‘मॅडम, आमचा योगा त वावरातच होते. घरी येऊन अजून काहून करा?’

याचं उत्तर द्यायला मी त्यांच्याबरोबर वावरात गेले. आमच्याकडे काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. जूनमध्ये सरकी टोबायची, मग निंदणाच्या पाळ्या, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचायला सुरुवात. टोबताना, निंदताना आणि वेचताना कंबर पुढेच वाकलेली. वेचणीला ओटी पोटावर बांधलेली असते, ती भरत जाते तसा भार पुढे ओढतो, आणि मजुरी किलोवर मिळत असल्याने मधे उठणं म्हणजे पैसे सोडणं. दिवस मावळताना मी त्यांच्या पाठी बघितल्या. कंबरेचे स्नायू दगड झालेले, मांड्यांच्या मागच्या शिरा आखडलेल्या, छाती आत गेलेली.

बाईचं म्हणणं खरं होतं. श्रम भरपूर होते, वाकणं तर गरजेपेक्षा जास्त होतं. शहरात खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी बेतलेला क्रम या पाठींवर तसाच चालवणं मला पटेना. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन ही पुढे वाकायची आसनं मी सुरुवातीच्या दिवसांतून काढून टाकली. त्याऐवजी पालथं पडून मकरासन, गुडघे उभे करून कंबर उचलायचं सेतुबंध, भिंतीला पाय लावून उताणं पडणं, आणि ताडासन. पतंजलींनी आसनाकडून दोनच गोष्टी मागितल्या आहेत, ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. दिवसभर कापूस वेचलेल्या बाईला सुखाचं काय, हे तिच्या पाठीला विचारूनच ठरवायला हवं. भिंतीला पाय लावून पडायचं आसन आमच्या गावांत इतकं रुजलं की बायका त्याला आसन म्हणतच नाहीत, ‘पाय वर करून पडली होती जरा’ म्हणतात. सासूने बघितलं तर काय, ही अडचण सुरुवातीला होती. मी सासवांनाच आधी शिकवलं.

संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरात ठराव केला आणि पुढच्या वर्षापासून २१ जून हा योग दिवस झाला. त्या तारखेला आमच्याकडे पेरणीची धांदल असते. मृगाने हात दिला असेल तर एक दिवसही दवडता येत नाही. त्या दिवशी शाळेत मुलांबरोबर कार्यक्रम होतो आणि तो चांगला होतो. पण बायांचा खरा वर्ग मी झडीच्या दिवसांत धरते. दोन-तीन दिवस पाऊस उघडत नाही, वावरात पाय ठरत नाही, तेव्हा समाजमंदिराच्या ओसरीत जागा पुरत नाही. पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की माझा आवाज पोचत नाही. मग मी पुढे उभी राहून नुसतं करते आणि त्या बघून करतात.

लक्कडकोटकडून, म्हणजे तेलंगणाच्या सीमेकडून आलेल्या सुना आणि म्हाताऱ्या वर्गाला असल्या तर मराठीबरोबर तेलुगूही लागतं. हा सगळा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबादेत होता. घरांमधून दोन्ही भाषा अजून नांदतात. ‘ऊपिरि पील्चंडी, वदलंडी’ एवढं मी एका आजीकडून शिकून घेतलं. श्वास घ्या, सोडा. आजी माझे उच्चार सुधारायची, मी तिची मान सरळ करायची.

मी नवीन असतानाच २०२० साल आलं. साऱ्या जगाला कोरोनाची भीती होती. राजुरा आणि विरूर वनपरिक्षेत्रातल्या गावांना त्याच्यासोबत वाघाचीही होती. आरटी-१ या नावाने नोंदलेल्या त्या वाघाने या पट्ट्यात आठ माणसं मारली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या अखेरीस वन विभागाने त्याला जेरबंद केलं. तोवरचे महिने आठवले की मला आधी माणसांचे श्वास आठवतात. घरात राहा म्हणून सरकार सांगत होतं, आणि जळण, चारा, शेत सगळं बाहेर होतं. तपासायला आलेल्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की श्वास वरच्या वर, गळ्याशी चाललेला. पोट हलतच नसे. आजार नव्हता, ती भीती होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत खरोखरच ऑक्सिजन कमी झालेली माणसं घरात पडली, तेव्हा पालथं झोपवण्याच्या सूचना आल्या. पालथं झोपलं की फुप्फुसांच्या मागच्या भागात हवा जास्त पोचते. छातीखाली आणि मांड्यांखाली उशी कशी द्यायची हे फोनवर समजावत बसायची वेळ होती. ज्या घरांत मकरासन माहीत होतं तिथे एवढंच सांगून भागत असे, ‘आपण ओसरीत पडतो ना, तसंच. उशी द्या तेवढी.’ दवाखाना गाठेपर्यंतच्या तासांत याचा उपयोग होताना मी पाहिला आहे. दवाखान्याची गरज त्याने टळत नव्हती, हेही तेव्हाच पाहिलं.

वाघ पकडला गेला म्हणून जंगल काही रिकामं झालं नाही. मार्च उतरता मोह गळायला लागतो आणि बायांना पहाटे निघावंच लागतं. गुरं-ढोरं फुलं खाऊन जायच्या आत आणि ऊन चढायच्या आत. एप्रिल-मेमध्ये पारा सेहेचाळीसच्या पुढे जाणारा हा भाग. सकाळचे दोन-तीन तास तेवढे हाताशी. त्याच दोन-तीन तासांत जनावरही हिंडत असतं. आमच्याकडे वाघाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात.

हंगामाच्या आधी गावोगाव वन विभागाच्या बैठका होतात. एका बैठकीत वनरक्षक ताई सांगत होत्या की घोळक्याने जा, उजेड पडल्यावर जा, एकीने पहारा ठेवा, आणि फार वेळ वाकून किंवा बसून राहू नका. वाकलेलं माणूस दुरून चार पायांच्या जनावरासारखं दिसतं. शेवटचं वाक्य ऐकून मी सावध झाले, कारण ‘वाकून राहू नका’ हे मीही सांगत होते, कंबरेसाठी. बैठक संपल्यावर मी एका मावशीला म्हटलं, कसं वेचता ते दाखवा. फुलं समजून अंगणात चार पानं टाकली. मावशी गुडघे जेमतेम मुडपून कंबरेतून वाकल्या, दोन्ही हातांची बोटं कोंबडीच्या चोचीगत चालू झाली, फुलं ओटीत. डोळे जमिनीवर. मी पोटाकडे बघत होते. पोट मांड्यांवर दाबलेलं, श्वास तुटक. ‘श्वासाकडे लक्ष द्या बरं,’ म्हटलं. त्या वाकल्यावाकल्याच म्हणाल्या, ‘वाकल्यावर श्वास येतेच कुठं?’

त्या दिवशी अंगणात आम्ही तिघींनी मिळून एक गोष्ट ठरवली. वनरक्षक ताईंना माणूस उभं राहिलेलं हवं होतं, मला पाठ सरळ झालेली हवी होती, आणि मावशींना वेळ मोडायला नको होता. ओटी भरली की ती टोपलीत रिकामी करावीच लागते. ती रिकामी केली की लगेच खाली वाकायचं नाही. टाचा जमिनीला टेकवून पूर्ण उभं राहायचं. खांदे सोडायचे. कंबरेतून आधी डावीकडे, मग उजवीकडे वळून मागपर्यंत बघायचं, नुसती मान नाही, सबंध धड वळवून. आणि मग सोबतिणीला हाक द्यायची, लांब. तिने ओ द्यायची, तीही लांब.

शाळेत शिकलेल्यांना यात ताडासन आणि कटिचक्रासन दिसेल. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती हाक. लांब हाक मारायची तर श्वास लांबवर सुटतोच. ‘ओऽऽ’ म्हणता म्हणता छाती रिती होते आणि पुढचा श्वास आपोआप पोटापर्यंत उतरतो. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते, हे मी त्यांना मनगटावर बोटं ठेवून तपासायला लावलं होतं. प्रत्येकीला आपल्या बोटांखाली ते लागलं तेव्हा ओसरीत एकच गलका झाला. भ्रामरी करताना जे होतं तेच हाकेत होतं, आणि हाकेने जनावराला माणसं असल्याचं कळतं, सोबतीण जागेवर असल्याचं कळतं. याने वाघ येणारच नाही असं मी कोणाला सांगत नाही. कंबरदुखीच्या गोळ्या मागायला येणाऱ्या बायांची गर्दी मोहाच्या दिवसांत आता पूर्वीइतकी नसते, इतकं मात्र उपकेंद्रात बसून दिसतं.

त्या कामातून मला जे उमगलं त्यावर माझा आता पक्का विश्वास आहे. आमच्या माणसांना लक्ष द्यायला शिकवायची गरज नाही. पान वाजलं, माकड ओरडलं, चितळाने हाक दिली, वाऱ्याची दिशा फिरली, हे सगळं टिपणारी नजर आणि कान त्यांच्याकडे आहेत. शहरात माणसं ज्याला सजगता म्हणून शिबिरं घेतात ती इथे जगण्याची अट आहे. अडचण पुढची आहे. जंगलात लागणारा तो ताठरपणा घरी आल्यावर उतरत नाही. चूल पेटवताना खांदे वरच, पोराला न्हाऊ घालताना दात आवळलेले, रात्री अंथरुणावर पडलं तरी पाठ गादीला लागत नाही. पुरुषांचं तसंच. रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जातात, जागल संपते तरी झोप परतत नाही. सावधपणा ठेवायचा आणि ताण सोडायचा, हे दोन्ही एकाच अंगात एकाच वेळी होऊ शकतं, एवढंच मी शिकवते. मोहाखाली उभी राहून चारी दिशा बघणारी बाई खांदे सोडूनही तितकीच सावध असते. उलट तिची मान जास्त मोकळी फिरते.

‘डोळे मिटा’ हे मी सरसकट सांगत नाही. एका बाईचा दीर जंगलात गेला तो आलाच नाही. तिला वर्गात डोळे मिटायला सांगितलं की तिचा श्वास वेगाने चालू लागे. तिला मी दाराकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून बसवलं. समोरच्या अंगणातली कोंबडी, बादली, वाळत घातलेलं लुगडं, जे दिसेल ते एकेक मनात म्हणायचं आणि तळपाय जमिनीला लागलेत ना ते बघायचं. कितीतरी आठवड्यांनी तिने आपणहून डोळे मिटले. मधल्या काळात तिला चंद्रपूरला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या चालू झाल्या. सरकारची टेली-मानस सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर. तो क्रमांक मी समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला आहे. ध्यान करणाऱ्या माणसाला औषध लागू नये, असं मानणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालते, आणि पुढेही घालीन.

गावात शांत बसणं मी आणलं नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे. मी यायच्या कितीतरी आधीपासून गुरुदेव सेवा मंडळाचे आबाजी लोक पहाटे सामुदायिक ध्यानाला आणि दिवेलागणीनंतर सामुदायिक प्रार्थनेला बसत आले आहेत. तुकडोजी महाराजांची ही घडी. महाराज विदर्भातले, तरुणपणी चिमूरकडच्या जंगलात राहिलेले. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला आणि ग्रामगीतेत गावाने मिळून प्रार्थनेला बसावं म्हणून स्वतंत्र अध्याय घातला. एकट्याने मोक्ष साधायचा योग त्यांनी गावाच्या चौकात आणून बसवला, असं मला वाटतं. दुसऱ्या बाजूला बौद्ध वस्तीतलं विहार आहे. नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या पिढीतल्या घरांत वंदना आणि नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघणं, आनापान, पोरांनाही ठाऊक असतं. माझा वर्ग मी कधी प्रार्थनामंदिराच्या पटांगणात घेते, कधी विहारात. जागा बदलली की येणारी माणसं थोडी बदलतात, आणि हळूहळू इकडची तिकडे बसायला लागतात. सत्तरी ओलांडलेले एक आबाजी मांडी घालून ताठ बसतात ते पाहून मी माझी पाठ सरळ करते. कोणता आसनप्रकार म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘प्रार्थनेले बसतो तसा बसलो जी.’

सास्ती-गोवरीकडच्या कोळसाखाणींच्या गावांत शिबिराला गेलं की प्रश्न वेगळे. डम्पर चालवणारे भाऊ येतात. सीटमधून येणारे हादरे तास न् तास मणक्यात जिरलेले, आणि पाळी दर आठवड्याला बदलती. ते विचारतात, रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून कोणता प्राणायाम करू? असा प्राणायाम नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगते. पहाटे तीन-चारच्या सुमाराला शरीर झोप मागतं, तिथे श्वासाच्या युक्त्या करून एवढं मोठं यंत्र चालवणं धोक्याचं आहे. दिवसा खिडकीला जाड चादर लावून, घरच्यांना फोन उचलू नका म्हणून सांगून झोप पुरी करा, आणि झोपेआधी योगनिद्रा करा. त्यासाठी मी माझ्या आवाजातलं ध्वनिमुद्रण त्यांना मोबाइलवर देते. पुष्कळांच्या बायका ते लावून स्वतःही झोपतात, असं कळलं.

धुळीचंही तसंच आहे. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याकडेला सकाळी सकाळी कपालभाती करणारी मंडळी मी बघते. दीर्घ श्वास म्हणजे हवा जास्त आत, आणि त्या हवेत जे आहे तेही जास्त आत. रस्त्यापासून दूर, शक्य तर पाऊस पडून गेल्यावर, नाहीतर घरात फरशी ओल्या फडक्याने पुसून बसा, असं सांगते. आणि रस्त्यावर वेळच्या वेळी पाणी मारलं जावं म्हणून ग्रामसभेत उभं राहून बोला, हेही त्याच दमात सांगते. स्वच्छ हवा मागायची सोडून दूषित हवेत श्वासाची शिस्त शिकवत राहणं मला मान्य नाही.

काही गोष्टींत मी अतिशय कडक आहे. रक्तदाब असलेल्यांना, हृदयविकार असलेल्यांना आणि गर्भवतींना कपालभाती नाही, श्वास रोखून धरायचा कुंभक नाही. रक्तदाबाच्या गोळ्या ‘योगा सुरू केला’ म्हणून कोणी बंद करायच्या नाहीत. आकडा खाली आला तरी कमी करायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील. आणि सिकलसेल. चंद्रपूर-गडचिरोलीत घराघरांत हा प्रश्न आहे. लाल कार्डाच्या, म्हणजे हा आजार असलेल्या, मुलीच्या रक्तपेशी पाणी कमी पडलं, ऑक्सिजन कमी झाला, दमणूक झाली की कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ती वेदना ज्याने पाहिली तो विसरत नाही. तिला भर उन्हातली सूर्यनमस्कारांची स्पर्धा नको, श्वास रोखणं नको. पाणी पिऊन, सावलीत, हलकी आसनं आणि शवासन. शाळेतल्या गुरुजींना वर्षाच्या सुरुवातीलाच मी अशा मुलांची यादी नेऊन देते, कारण कवायतीच्या मैदानावर पोर स्वतःहून ‘मला नको’ म्हणत नाही.

माझा स्वतःचा अभ्यास पहाटे असतो, पण दिवसात मला सावरतं ते हात धुणं. दोन पेशंटांच्या मधे साबणाने चाळीस ते साठ सेकंद हात धुवायचे, तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. तेवढा वेळ मी फक्त हातच धुते. आधीच्या बाईच्या घरातलं भांडण, तिच्या पोराचं घसरलेलं वजन, पोर्टलवर भरायची राहिलेली माहिती, सगळं नळाखाली राहतं, आणि ओले हात पुसून मी पुढच्या माणसाचं नाव घेते तेव्हा खरोखर त्याच्याचकडे बघत असते. लोकांना हे कळतं. ‘मॅडम ऐकते’ असं बाहेर बाकावर बोललेलं मी ऐकलं आहे, आणि नोकरीत मिळालेल्या कुठल्याही प्रमाणपत्राइतकंच ते मला मोलाचं आहे.

संक्रांत झाली की आमच्या बायांच्या टोळ्या मिरची तोडायला तेलंगणात जातात. दोन-दोन, तीन-तीन महिने. गोळ्या बरोबर बांधून द्यायच्या, नाकाला पदर कसा बांधायचा ते दाखवायचं, आणि संध्याकाळच्या आसनांची उजळणी करून घ्यायची, अशी माझी जानेवारीची कामं. यंदा तिकडून एकीचा फोन आला. मागे खूप आवाज होता, खोकल्याचाही. म्हणाली, ‘मॅडम, इथं पडाले जागाच नाई. पालात आम्ही आठ जणी आहो. उभ्यानंच केलं त चालते का?’

‘चालते,’ मी म्हटलं. ‘मिरचीची ओटी रिकामी करताना, मोहाखाली करता तसंच. पाणी पिता ना? गोळी रोजची रोज घेता ना? आणि खोकला कोणाचा आहे?’

खोकला दुसरीचा होता. तिच्याकडे फोन गेला. किती दिवस झाले, कफ पडतो का, ताप आहे का, वजन उतरलं का, मी विचारत गेले. पंधरा दिवसांच्या वर झाले होते. मिरचीचाच असेल म्हणून तिने अंगावर काढला होता. थुंकी कुठे तपासायची, त्या गावाजवळचं सरकारी केंद्र कोणतं, ते मी लगेच शोधून कळवते म्हणाले. फोन ठेवायच्या आत तिसरीने तो घेतला. तिला गुडघ्यांचं विचारायचं होतं.